पाऊणकी आणि पळणं

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारली तर तो मोबाईल काढत नाही. आज तिथी कुठली, एवढंच विचारतो आणि मनातल्या मनात पाऊणकी म्हणतो. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे हा हिशेब मिनिटाबरहुकूम जुळत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी तर कोष्टक बघावं. पण उद्या पहाटे सहाला पळायला जमीन असेल की पाणी, हे ठरवायला पाऊणकी पुरते.

कोकणात पळणाऱ्यांच्या हातात हल्ली जो तक्ता असतो, त्याला मात्र पाऊणकी येत नाही. तो ॲपमधून येतो, नाहीतर शहरातल्या एखाद्या ग्रुपवरून. मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत जोराच्या धावा, गुरुवारी टेम्पो, म्हणजे सलग जरा जोराचं पळणं, रविवारी लाँग रन. सगळं वारांवर बेतलेलं. समुद्राला वार कळत नाहीत. अष्टमी रविवारी आली की सहाला भरती भरलेली असते. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे उधाणासारखी उंच चढत नाही, तरी ओला पट्टा बहुतेक पाण्याखाली जातो आणि उरते ती सुरूच्या झाडांखालची भुसभुशीत कोरडी वाळू. तक्त्यात पंधरा किलोमीटर लिहिलेत म्हणून माणूस ते तिथेच पुरे करतो. कोरड्या वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती लागते. म्हणजे कागदावर पंधरा, पण पायांच्या लेखी बावीस-चोवीस. शिवाय दर पावलाला टाच खाली रुतते आणि पोटरी ताणली जाते. बुधवारी सकाळी बिछान्यातून उठताना पहिली चार पावलं लंगडत पडतात, टाचेच्या वरची शीर आखडलेली असते. तक्ता चुकलेला नसतो, पळणाराही आळशी नसतो. तक्ता आणि किनारा यांच्यामध्ये कोणी उभं नव्हतं, एवढंच झालेलं असतं.

होडीवर हे काम तांडेल करतो. जाळं सगळ्यांनाच ओढता येतं. आज जायचं की नाही, गेलो तर कुठवर आणि परत कधी फिरायचं, हे त्याचं काम. पळण्याचा कोच म्हणजे मुख्यतः हाच माणूस. त्याला दिलेल्या पैशात आपण घाम गाळून घेणं विकत घेतो अशी समजूत आहे. घाम कोकणात फुकट मिळतो.

आधी जमिनीचंच बघू, कारण आपल्याकडे निम्मी दुखणी तिथून येतात. पळण्याजोगी वाळू ओळखायची खूण सोपी आहे: पाऊल टेकताच भोवतीची ओली वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी झाल्यासारखी दिसते आणि टाचेचा ठसा नखभरच खोल उमटतो. ठसा बोटाच्या पेराइतका खोल गेला, तर आपण पट्ट्याच्या वर तरी आहोत किंवा अगदी पाण्याच्या कडेला लिबलिबीत भागात तरी. हा घट्ट पट्टा पहाटे सहाला सगळ्यात रुंद मिळतो तो पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, साधारण त्रयोदशीपासून पुढच्या तृतीयेपर्यंत. उधाणाची भरती बाराच्या सुमाराला आणि ओहोटी सहाच्या, म्हणून. भरती-ओहोटीतला फरक उत्तरेकडे, रायगडच्या बाजूला मोठा आणि सिंधुदुर्गाकडे उतरत जातो. त्यामुळे वरसोलीत जेवढं मैदान उघडं पडतं तेवढं तारकर्लीत पडत नाही. गुहागरसारखा सरळ, लांबलचक किनारा असला तर लाँग रन एकाच फेरीत निघतो. भाट्ये आखूड, तिथे फेऱ्या माराव्या लागतात.

दुसरी गोष्ट कल. किनारा पाण्याकडे उतरता असतो. उत्तरेला तोंड करून पळालं की समुद्र डावीकडे, डावा पाय प्रत्येक पावलाला बोट-दोन बोटं खाली पडतो. येताना उजवा. जाऊन-येऊन हिशेब मिटतो, असं वाटतं. पण पाणी थांबलेलं नसतं. ओहोटीच्या रेषेजवळ किनारा जवळजवळ सपाट असतो आणि वर सरकावं तसा कल वाढत जातो. भरती लागल्यावर निघालेला माणूस जाताना सपाटीवरून जातो आणि पाण्याने रेटल्यामुळे परत येताना उतारावरून येतो. महिनाभर असं झालं की एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. जाणता कोच अशा वेळी गुडघा दाबून बघण्याआधी विचारतो, ‘आधी कुठल्या दिशेला जाता? आणि निघता तेव्हा पाणी उतरत असतं की चढत?’ उपायही तसाच साधा असतो: ओहोटीच्या पाऊण तास आधी निघायचं, ओहोटीनंतर पाऊण तासाने संपवायचं, म्हणजे जाता-येता पाण्याची रेषा साधारण एकाच जागी राहते. मध्ये कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराला वळसा घालून वरून जायचं, उडी मारायची नाही. पहाटेच्या अंधारात ओला दोर दिसत नाही.

ओल्या वाळूचा आणखी एक उपयोग कोचला होतो, आणि तो शहरातल्या कोचच्या नशिबी नाही. पळणारा पुढे गेला की मागे त्याची सगळी कुंडली उमटलेली असते. ठशाच्या टाचेपुढे वाळूचा लहानसा ढीग साचला असेल, तर पाऊल अंगाच्या फार पुढे पडतंय, दर पावलाला ब्रेक लागतोय. चवड्यामागे वाळू उडालेली दिसली, तर ढकलणं जास्त होतंय. डावे-उजवे ठसे एकाच रेषेत आले, शेताच्या बांधावरून चालल्यासारखे, तर कमरेची बाजूची ताकद कमी आहे का ते तपासायचं. एकच ठसा बाहेर वळलेला असेल तर त्या पायाचा घोटा पूर्वी कधी मुरगळला होता का, हे विचारायचं. पळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. त्याच्या मते तो अगदी सरळ पळत असतो. फोनवर स्लो मोशनमध्ये बाजूने आणि मागून तीस-तीस सेकंदांची चित्रफीत काढून दाखवली की बहुतेकांचा पहिला उद्गार असतो, ‘हा मी?’

डांबरी रस्त्यावर ठसे नाहीत, तिथे कान. दोन्ही पावलांचा आवाज सारखा हवा. एक ‘टप’ आणि एक ‘थाप’ असेल तर थापेचा पाय थकलाय किंवा दुखतोय, माणूस कबूल करो न करो. मग मिनिटाला पावलं किती ते मोजायचं. किलोमीटरला सात मिनिटांच्या गतीने पळताना १५८ भरली, तर लगेच १८० चा हट्ट धरायचा नाही. पाच टक्के, म्हणजे १६६ च्या आसपास आणायची, तीही आठवड्यातल्या एका हलक्या पळण्यात, एक मिनिट मोजून आणि दोन मिनिटं सोडून. पाऊल आखूड पडलं की गुडघ्यावरचा भार आपोआप उतरतो. आणि एका वेळी एकच सूचना. हात असे, मान अशी, टाच तशी, असं एका दमात सांगणारा कोच पळणाऱ्याचा पुतळा करून ठेवतो.

आता गतीबद्दल. कोचकडे गेल्यावर पहिला अपमान इथे होतो. सपाटीवर पाच किलोमीटर जीव लावून पळायला सांगतात. समजा तीस मिनिटं लागली, म्हणजे किलोमीटरला सहा. मग रोजचं हलकं पळणं किती गतीने करायचं? सव्वासात ते आठ. लोकांना हे पटतच नाही. एवढं हळू पळताना गावातल्या कोणी बघितलं तर? पण आठवड्यातल्या पाच भागांपैकी चार भाग पळणं असंच, बोलता येईल इतकं हलकं असावं लागतं. स्नायूंत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होणं, चरबी जाळायची सवय लागणं, शिरा आणि हाडं भार घ्यायला तयार होणं ही सगळी कामं त्याच गतीला होतात आणि त्यांना महिने लागतात. एकटा पळणारा नेमकं उलटं करतो: हलक्या दिवशी जरा जास्त जोरात, मग जोराच्या दिवशी पायात काही उरलेलं नसतं म्हणून जरा कमी. सगळे दिवस मधल्याच गतीचे. सहा महिने घाम निघतो, पण वेळ तीसच्या तीसच.

गती बरोबर आहे का, याची परीक्षा पुन्हा पाऊणकीनेच घेता येते. पळता पळता मोठ्याने म्हणायची: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. एका श्वासात चार-पाच आकडे आले तर गती ठीक. दर आकड्याला श्वास घ्यावा लागला तर हळू व्हायचं. घड्याळातल्या हृदयगतीच्या रंगीत पट्ट्यांपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. ते पट्टे बहुधा २२० वजा वय या सूत्रावर बांधलेले असतात. बेचाळीस वर्षांच्या माणसाची कमाल गती त्याने १७८ येते, पण खरी १६७ ही असू शकते आणि १९० ही. दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सर्रास असतो. चुकीच्या कमाल आकड्यावरून काढलेले सगळे पट्टे चुकीचे.

त्यात आपली हवा. घाम आला म्हणजे अंग गार झालं, असं होत नाही. घाम वाळला तर गार होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि कोपरावरून नुसता ठिबकला तर काहीच नेत नाही. मे महिन्यात सकाळी सातला रत्नागिरीत तो ठिबकतोच. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे धाडतं आणि त्याच गतीला चाळिसाव्या मिनिटाला हृदय दहा-पंधरा ठोके जास्त मारतं. ॲप म्हणतं, तुमचा फिटनेस उतरला. कोच म्हणतो, वैशाख आहे. एप्रिल-मेमध्ये तो अंतर खोडून वेळ लिहितो: आठ किलोमीटरऐवजी पन्नास मिनिटं, गती येईल ती. पुण्याच्या कोरड्या हवेतून सुट्टीला आलेल्याला पहिले दहा ते चौदा दिवस निम्म्यापासून चढवत नेतो, कारण अंगाला दमटपणाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच.

पाण्याचा अंदाज तराजूने घ्यायचा. पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यात वजन. एका तासात एक किलो उतरलं आणि मध्ये पाव लिटर प्यायलात, तर घामाचा वेग तासाला सव्वा लिटर. तेवढं सगळं पळतानाच भरून काढायची गरज नाही. उलट भीतीपोटी साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते जिवावर बेततं. शहाळ्याबद्दल इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं, कोणाला राग आला तरी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. लाँग रननंतर शहाळं जरूर प्यावं, पण सोबत काहीतरी खारट हवं. मीठ घातलेलं कोकम सरबत चालतं, जलसंजीवनी चालते. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज तर आधीही चालते आणि नंतरही. निघण्याच्या दीड तास आधी वाटीभर पेज घेतलेल्याचं पोट वाटेत गुडगुडत नाही. दीड तासाहून जास्त पळणार असाल तर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट (कार्बोहायड्रेट) लागतं. एक केळं म्हणजे साधारण पंचवीस, पाच साधे खजूर म्हणजे तीस. बाजारातली एनर्जी जेल खिशाला झेपत असतील तर घ्यावीत, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नाही.

बरोबरचा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर सरबत शोधत बसायचं नाही. सावलीत घेऊन आधी विहिरीच्या पाण्याच्या बादल्या अंगावर ओतायच्या, आणि ओतता ओतताच गाडी बोलवायची.

तक्त्याला पाऊणकी येत नाही म्हटलं, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला शिमगा माहीत नाही. कोच ताण मोजायची एक साधी रीत वापरतात: मिनिटं गुणिले कष्ट, कष्टाला एक ते दहा गुण. चाळीस मिनिटं हलकं पळणं, गुण चार, झाले १६०. दोन तासांचा लाँग रन, गुण पाच, झाले ६००. आता शिमग्याला तीन तास ग्रामदेवतेची पालखी नाचवली, अनवाणी, खांद्यावर भार, गुण पाच धरले तरी ९००. लाँग रनच्या दीडपट! तक्त्यात त्या दिवशी ‘विश्रांती’ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी इंटरव्हल. गौरी-गणपतीतली जाखडी, रात्रभर बसून पाहिलेला दशावतार, आषाढातली भातलावणी, आंबा काढणीचे दिवस, यातलं काहीही ॲपला दिसत नाही. कोचला सांगितलं तरच दिसतं, म्हणून रोजच्या वहीत झोप किती आणि कामाला काय होतं, या दोन ओळी पळण्याच्या ओळीइतक्याच महत्त्वाच्या. लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून मांड्यांच्या मागच्या बाजू आणि कंबर इतकी ताणलेली असते की शहाणा कोच फक्त वीस मिनिटं चालायला सांगतो.

पावसाळा तसाही वेगळा. किनारा बाद होतो, लाटांनी वाळू खचून कडे पडतात. मग पळणं सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आणि रस्त्यावर, पण जांभ्यावर शेवाळ धरलं की भरधाव उतरणं म्हणजे हाड मोडायला आमंत्रण. विजा असतील तर सड्यावर जायचंच नाही, तिथे सगळ्यात उंच वस्तू आपण असतो. या चार महिन्यांत ताकद कमवायची. पडवीच्या पायरीवर चवडे टेकून टाच सावकाश खाली सोडायची, पंधरा वेळा, तीन पाळ्या. एका पायाच्या बैठका, आठ-आठ. आणि चढ. आसूदवरून दापोलीकडे चढणाऱ्या रस्त्यासारखा एखादा प्रत्येक गावाला असतोच. सहा ते आठ वेळा पाऊण-पाऊण मिनिट वर पळायचं, खाली चालत यायचं. चालतच. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. उतार शिकवायचा असेल तर आधी सौम्य उतारावर दोनशे मीटरच्या चार खेपा, दहा दिवसांनी पुन्हा. बूट भिजले की आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. चुलीजवळ ठेवले तर चिकटवलेले तळ सुटतात.

चढत्या क्रमात कपात कुठे करायची, हा हिशेब एकट्याला जमत नाही, कारण अंग छान वाटत असतानाच ती करावी लागते. आठवड्याला २६, मग २९, मग ३२ किलोमीटर झाले की चौथा आठवडा पाऊणपट: २४. नेमका याच आठवड्यात पळणाऱ्याला जोर आलेला असतो. एकटा असता तर ३५ केले असते, आणि नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं असतं. दुखलंच तर कोच दोन गोष्टी विचारतो. दुखणं हातभर पसरलंय की एका बोटाने दाखवता येतं? रात्री झोपेत दुखतं का? पसरलेलं असेल आणि पळता पळता कमी होत असेल तर अंतर निम्मं करून बघतात. एका बोटाखाली असेल, रात्री ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. तिथे मालीश करत बसणारा कोच कोच नव्हे. तसाच, चाळिशीनंतर आलेल्या आणि घरात हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टरांकडे न धाडता पहिल्या दिवशी इंटरव्हल देणाराही. बाईमाणसाची पाळी चुकतेय का, हिमोग्लोबिन कधी तपासलंय, हे संकोच न करता विचारता आलं पाहिजे. दम लागण्याचं कारण पुष्कळदा फुप्फुसात नसून रक्तात असतं.

कोणाला हे नवशिक्यांचे लाड वाटतील. पण मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पळालेला केनियाचा एलियुड किपचोगेसुद्धा दोन दशकांहून अधिक काळ पॅट्रिक सँग यांच्या सांगण्याने पळत आला. सँग स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्य मिळवलेले. आपल्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे सैन्यात क्रॉस कंट्री पळत होता. त्याने स्टीपलचेसकडे वळावं हे सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी ओळखलं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य घेतलं, ८ मिनिटं ११.२० सेकंद.

आपल्या गावात असा माणूस शोधताना पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा किंवा वर्ल्ड ॲथलेटिक्सचा अभ्यासक्रम केलाय का ते बघावं, पण तेवढ्यावर जाऊ नये. तालुक्याच्या शाळेतला, वीस वर्षं मुलांना पळवणारा क्रीडाशिक्षक पुष्कळदा जास्त जाणतो. त्याच्याकडचे लोक दुखापतीविना किती वर्षं पळताहेत ते विचारावं. सगळ्यांना एकच तक्ता देणारा, पहिल्या भेटीत पावडरचा डबा पुढे करणारा, तीन महिन्यांत शून्यातून मॅरेथॉन करून देतो म्हणणारा, हे तिघे टाळावेत. कोच दूरच्या शहरात असला तरी चालतं, मात्र आठवड्यातून एकदा फोन हवा आणि तुमची तिथी त्याला कळवायला हवी.

चांगल्या कोचचा रात्रीचा निरोप लांबलचक नसतो. ‘उद्या षष्ठी. भरती साडेचारला, सहाला पाणी अजून वरच असेल. किनाऱ्यावर नको. सड्यावर पस्तीस मिनिटं, पाऊणकी म्हणत. टाच कशी आहे ते उठल्या उठल्या कळवा, बूट घालायच्या आधी.’